हवामान परिषदेत आमच्या नावाने बोलता, मग आम्हाला विचारत का नाही?



दरवर्षी नोव्हेंबरच्या आसपास जगातले देश हवामान बदलावर वाटाघाटी करायला जमतात. ग्लासगो, शर्म अल-शेख, दुबई, बाकू, बेलेम अशी शहरे बदलत जातात, पण भारत सरकारचे म्हणणे साधारण एकच असते. धूर तुम्ही सोडला, दोनशे वर्षे कारखाने तुम्ही चालवले, श्रीमंत तुम्ही झालात. आमच्याकडे माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. तेव्हा जबाबदारी आधी तुमची. नुकसान आमच्या गरिबांचे होते आहे, तर पैसेही तुम्हीच द्या.

हे म्हणणे खोटे नाही. आम्ही त्याच्या बाजूचे आहोत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचे वाचून कोणीतरी आम्हाला परदेशी एजंट ठरवेल. उलट आंबेडकरी कार्यकर्त्याला हा युक्तिवाद ऐकल्याबरोबर ओळखू यायला हवा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या साधने बळकावली, त्यांना आज ‘आता सगळे समान’ म्हणून हात झटकता येणार नाहीत. आरक्षणाच्या बाजूने आपण इतकी वर्षे हेच तर सांगत आलो आहोत. गंमत अशी की अमेरिकेला ‘ऐतिहासिक जबाबदारी’ सुनावली की टाळ्या वाजवणारा आपल्याकडचा मध्यमवर्ग आपल्याच गल्लीत येऊन विचारतो, ‘किती वर्षे जुने उगाळत बसणार?’

आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या गरिबाचे नाव घेऊन सरकार परिषदेत भांडते, त्या गरिबाला सरकारने कधी विचारले का? तुझे काय बुडाले, तुला काय हवे, तुझ्या नावाने आम्ही काय कबूल करून येऊ? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आम्ही काम करतो आणि दोन्हीकडे या प्रश्नाचे उत्तर नाही असेच आहे. आमच्यातलेच काही तरुण म्हणतात की पर्यावरण हा सवर्णांचा छंद आहे, पक्षी बघायला जाणाऱ्यांचा विषय आहे, आपल्याला अत्याचार आणि शिष्यवृत्ती पुरेशी आहे. हे म्हणणे कुठून येते ते आम्हाला समजते. पर्यावरणाच्या बैठकांत आम्हीही बसलो आहोत, तिथे आडनावे काय असतात ते आम्ही पाहिले आहे. पण विषय त्यांच्या हातात आहे म्हणून तो त्यांचाच आहे, असे मानायचे असेल तर मग राज्यघटनेपर्यंतचे सगळेच सोडून द्यावे लागेल.

ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी चढले ५७ फुटांवर. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना काढणारी बोट उलटली. शहरात दर वेळी ज्या वस्त्यांत पाणी आधी शिरते, त्या सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगरचे लोक घर सोडून गेले. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला जतमध्ये तेव्हा टँकरची वाट बघणे चालू होते. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला आणि या वेळी साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. हवामान बदल म्हणजे काय ते आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज उरलेली नाही.

मग मदत आली. २०१९ ला ग्रामीण भागात कुटुंबामागे १०,००० रुपये, शहरात १५,००० रुपये, आणि शेतकऱ्याला एक हेक्टरपर्यंतच्या पीककर्जाची माफी. शेतकऱ्याला माफी मिळाली याचे आम्हाला दुःख नाही, ती मिळायलाच हवी होती. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला पीककर्ज नाही, मग माफी कसली? ऊस आडवा झाला, सोयाबीन कुजले, आणि त्या शेतांत भांगलणीला, तोडणीला जाणाऱ्या बाईचा रोजगार पुढचे कित्येक आठवडे बंद पडला. त्या रोजगाराचा पंचनामा करायला तलाठ्याकडे रकानाच नव्हता. वाट्याने शेत करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, गावठाणाबाहेर बिनकागदाचे घर बांधून राहिलेला, हे सगळे पंचनाम्यात अर्धे दिसतात किंवा दिसतच नाहीत. आपल्या समाजातली किती कुटुंबे या तीन प्रकारांत बसतात ते तुम्ही तुमच्या गावात मोजा.

आता याचा परिषदेशी संबंध बघा. शर्म अल-शेखला २०२२ मध्ये ‘हानी आणि नुकसान’ निधी स्थापायचे ठरले, दुबईत २०२३ ला तो सुरू झाला, त्याच्या मंडळाचे यजमानपद फिलिपाइन्सकडे आहे. विकसनशील देशांनी तीन दशके मागणी लावून धरली तेव्हा हे घडले. चांगले झाले. उद्या कृष्णाकाठच्या महापुरासाठी या निधीकडे दावा करायचा ठरला तर नुकसानीचा आकडा कुठून येणार? पंचनाम्यातून. जो माणूस तलाठ्याच्या वहीत नाही, तो मुंबईच्या अहवालात नाही, तो दिल्लीच्या दाव्यात नाही आणि मनिलाच्या मंजुरीतही नाही. आंतरराष्ट्रीय धोरण म्हणतात ते इतके लांब नसते.

यापेक्षा जुने आणि जास्त बोलके उदाहरण पठारावर उभे आहे. साताऱ्याहून ठोसेघर, चाळकेवाडीकडे गेलात, किंवा पाटणहून वनकुसवड्याच्या पठारावर चढलात, तर क्षितिजभर पवनचक्क्या दिसतात. सांगलीत शिराळ्याच्या गुढे-पाचगणी पठारावर आणि कवठेमहांकाळच्या ढालगाव भागातही आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी राज्याने सवलती दिल्या, केंद्राच्या आयकरात घसाऱ्याची घसघशीत सूट होती, म्हणून उद्योगपतींनी पवनचक्क्या लावल्या. नंतर त्यात आणखी एक कमाई आली. क्योटो करारात ‘स्वच्छ विकास यंत्रणा’ म्हणजे सीडीएम नावाची सोय होती. गरीब देशात कोणी धूर वाचवणारा प्रकल्प उभारला तर वाचलेल्या प्रत्येक टनामागे एक प्रमाणपत्र मिळायचे आणि ते श्रीमंत देशातल्या कंपन्यांना विकता यायचे. सातारा-सांगलीतले अनेक पवनप्रकल्प या यंत्रणेखाली नोंदले गेले. म्हणजे आपल्या पठारावरच्या वाऱ्याचे कागद युरोपच्या बाजारात गेले.

या यंत्रणेत एक अट होती, आणि ती आपल्यासाठी महत्त्वाची आहे. प्रत्येक प्रकल्पाच्या दस्तऐवजात एक प्रकरण स्थानिक लोकांच्या मतांचे असावे लागे. लोकांना कसे बोलावले, ते काय म्हणाले आणि त्याचे पुढे काय केले, ते लिहायचे. शिवाय दस्तऐवज संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर तीस दिवस ठेवायचा, जगातल्या कोणीही हरकत घ्यावी. आणि सर्वांत आधी भारत सरकारने, म्हणजे डिसेंबर २००३ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय सीडीएम प्राधिकरणाने, प्रकल्पामुळे लोकांचे सामाजिक आणि आर्थिक भले होणार असल्याचे मान्य करून मंजुरी द्यायची. पवनऊर्जा २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत नाही, त्यामुळे जनसुनावणीही नाही. म्हणजे पठारावरच्या माणसाला अधिकृतपणे विचारले जाण्याची जी एक जागा होती, ती आंतरराष्ट्रीय कराराने दिलेली होती. आपल्या सरकारने स्वतःहून दिलेली नव्हती.

ती जागा कशी वापरली गेली? दस्तऐवज इंग्रजीत. तीस दिवस संकेतस्थळावर. त्या काळात पाटणच्या वाड्यावस्त्यांवर इंटरनेट सोडा, दिवसभर वीज नव्हती. वीज तयार करणारी चक्की मात्र डोक्यावर फिरत होती. अशा प्रकल्पांचे कागद आजही संकेतस्थळावर वाचायला मिळतात. ‘बैठक झाली, प्रतिकूल मत आले नाही’ या अर्थाचा मजकूर त्यांत किती वेळा येतो ते इंग्रजी येणाऱ्या आपल्या मुलांनी एकदा बसून मोजावे. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना आम्हाला संमती आणि शांतता यांतला फरक शिकवला होता. गावातल्या बैठकीत कोण खुर्चीवर बसतो, कोण सतरंजीवर आणि कोण दारात उभा राहतो, हे ज्याला माहीत आहे त्याला त्यासाठी एम.ए. करण्याचीही गरज नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाटण तालुक्यातल्या एका पठारावर बौद्ध कुटुंबांशी बोलत बसलो होतो. कार्बनची प्रमाणपत्रे म्हणजे काय, ते आम्ही समजावून सांगितले. एका आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘जमिनी ज्यांच्या नावावर होत्या त्यांनी इकल्या. आमच्या नावावर काय होतं? दहा शेरडं. ती माळावर चरायची.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘वारा आमचा कधी होता म्हणून आमाला इचारतील?’ माळ ही ज्याची सातबाऱ्यावरची मालमत्ता, त्याला भाव मिळाला, कमी का होईना. माळ ही ज्याची चराई, जळण आणि वाट होती, तो व्यवहारात कुठेच नव्हता. सीडीएमला प्रकल्पग्रस्तासाठी तक्रारीची स्वतंत्र व्यवस्थाच नव्हती, त्यामुळे नंतर ओरडायलाही दार नव्हते. श्रमिक मुक्ती दलाने पवनचक्कीग्रस्तांचा प्रश्न या भागात लावून धरला म्हणून निदान तो प्रश्न म्हणून उभा राहिला. सरकार आपण होऊन कधी दारात आले नाही.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. २०१२ नंतर त्या प्रमाणपत्रांचे भाव कोसळले, विषय संपला. विषय संपलेला नाही. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली तोच व्यापार नव्या नावाने येतो आहे, जुन्या सीडीएम प्रकल्पांना देशाच्या मंजुरीने नव्या यंत्रणेत येण्याची मुभा ठेवली गेली, आणि २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी नवे प्राधिकरण नेमले. २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजनाही आली. नव्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेत तक्रारीची आणि अपिलाची प्रक्रिया २०२४ मध्ये मंजूर झाली आहे, म्हणजे दार किलकिले झाले आहे. पण तक्रार करायची तर आधी आपल्या गावात काय विकले गेले ते कळायला हवे.

आणि पठारावर पुढची पिढी आली आहे. पाटणच्या तारळी भागात अदानी समूहाचा १,५०० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प येऊ घातला आहे: खालचे पाणी वर चढवायचे, हवे तेव्हा खाली सोडून वीज करायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राच्या ज्या तज्ज्ञ समितीपुढे तो विचारार्थ होता, तिचा एक सदस्य त्याच समूहाचा सल्लागार असल्याचे नोव्हेंबरमध्ये वर्तमानपत्रांनी छापले. त्या चर्चेत आपण भाग घेतला नाही, असा खुलासा त्या सदस्याने केला. तो खुलासा आम्ही मान्य करून चालतो. तरी एवढे विचारतो: कंपनीचा सल्लागार ज्या समितीचा सदस्य असू शकतो, तिथे धनगर, कातकरी, बौद्ध वाडीचा सल्लागार का असू शकत नाही?

सपाटीवर गायरानाचे तेच चालले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. सरकारी जमीन, ज्यात गायराने आली, ती नाममात्र भाड्याने जाते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांनी तुरुंग भरले, त्या लढ्याच्या वाटेवर पुढे १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायची, असे तो सांगतो. किती झाली? ज्यांची झाली नाहीत त्यांना २०२२ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर नोटिसा आल्या आणि आता तिथे सौर पॅनेल येत आहेत. सौर ऊर्जेला आमचा विरोध नाही, दिवसा वीज मिळाली तर शेतमजुराच्याही रात्रीच्या पाळ्या कमी होतील. पण ज्या कुटुंबाने तीस-चाळीस वर्षे गायरान कसले, त्याच्यावर ‘हरित विकासा’च्या नावाने नांगर फिरणार असेल तर त्याला आम्ही हरित म्हणणार नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. सरकार नागरिकांशी बोलतच नाही का? बोलते. अलमट्टीची उंची वाढवू नये म्हणून सांगलीत सर्वपक्षीय पुढारी, कारखानदार, शेतकरी उभे राहिले की मंत्रालयात बैठक लागते, सर्वोच्च न्यायालयात जाण्याची भाषा होते. ती मागणी आमचीही आहे, पाणी आमच्याही घरात येते. म्हणजे ऐकण्याची ताकद सरकारात आहे. पण ते ऐकते ज्याच्यामागे कारखाना, बँक आणि मतांची गठ्ठी आहे त्याचे. आता जागतिक बँकेच्या कर्जातून सुमारे ३,२०० कोटींचा कार्यक्रम कृष्णा खोऱ्यातल्या पुरासाठी आला आहे, त्यात पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याचा विचार आहे. खटाव, माण, जत, आटपाडीला पाणी मिळावे हे तर स्वप्नच. पण पाणी कोणाच्या नावाने मिळणार, जमिनीच्या की माणसाच्या?

हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तरही याच जिल्ह्याने दिलेले आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा धरण बांधले. नदीची वाळू विकून पैसे उभे केले, त्यासाठी सरकारशी भांडले. आणि पाण्याचा हक्क जमिनीवर ठेवला नाही, कुटुंबावर ठेवला. भूमिहीनालाही तेवढाच वाटा. सरकारने आधी अडवले आणि नंतर त्याला मान्यता द्यावी लागली. नागरिकांचे ऐकून धोरण बदलते ते असे. ‘अनुकूलन’ हा शब्द परिषदांत रुळायच्या आधीचे हे अनुकूलन आहे. त्या चळवळीत कासेगावच्या गेल ऑम्वेट होत्या, ज्यांनी आपल्याला बाबासाहेबांवर आणि दलित चळवळीवर पुस्तके दिली, हेही नव्या मुलांना माहीत असावे.

आंतरराष्ट्रीय मंचावर बोलणाऱ्या नागरिकाला मात्र हे सरकार, आणि आधीची सरकारेही, वेगळी वागणूक देतात. ग्रीनपीस इंडियाने २००७ मध्ये एक अहवाल काढला, त्याच्या नावाचाच अर्थ ‘गरिबांच्या आड लपणे’ असा होतो. भारताची सरासरी कमी दिसते ती गरीब काही जाळतच नाहीत म्हणून, आणि त्या सरासरीच्या आड श्रीमंत भारतीय लपतो, असे त्यात म्हटले होते. जानेवारी २०१५ मध्ये त्याच संस्थेच्या प्रिया पिल्लई मध्य प्रदेशातल्या महान कोळसा खाणीबद्दल ब्रिटिश खासदारांशी बोलायला लंडनला निघाल्या, तर त्यांना दिल्ली विमानतळावर अडवले. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कारवाई चुकीची ठरवली. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या मसुद्यावर शाळा-कॉलेजातल्या मुलांनी मंत्र्यांना ईमेल पाठवले, तर त्यांच्या संकेतस्थळाबाबत पोलिसांनी यूएपीएची नोटीस काढली. पुढे ती चुकून गेली म्हणून मागे घेतली. भीमा कोरेगावनंतर यूएपीए हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

त्याच मसुद्याची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तो इंग्रजी आणि हिंदीत काढला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० ला सांगितले की आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत भाषांतर करा आणि लोकांना मुदत द्या. म्हणजे मराठीतही. केंद्र सरकारने काय केले? सर्वोच्च न्यायालय गाठले. लोकांच्या भाषेत लोकांना विचारा, एवढे सांगितले म्हणून सरकार वकील घेऊन न्यायालयात उभे राहते, यात आम्हाला या सगळ्या व्यवहाराचा स्वभाव दिसतो. संस्कृतात ठेवलेले ज्ञान इंग्रजीत गेले, इतकाच फरक.

इथे नेहमी एक आक्षेप येतो, आपल्या माणसांकडूनही. जगासमोर भारत एक म्हणून उभा असताना जातीचा प्रश्न काढला तर श्रीमंत देशांना फावेल. हा आक्षेप शंभर वर्षांपूर्वीचा आहे. २७ जानेवारी १९१९ ला बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा मताधिकाराचा प्रश्न होता आणि त्यांचे म्हणणे होते की अस्पृश्यांचे हित अस्पृश्यांनीच मांडले पाहिजे, दुसऱ्याने त्यांच्या वतीने बोलून चालणार नाही. १९२८ ला काँग्रेसने सायमन कमिशनवर बहिष्कार घातला असताना ते साक्ष द्यायला गेले. १९३० ला गोलमेज परिषदेत गेले. तिथे त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली नाही, ब्रिटिश राज्यात अस्पृश्यांचे काय भले झाले ते त्यांनी इंग्रजांनाच विचारले. एकाच वेळी बाहेरच्या सत्तेला आणि आतल्या सत्तेला जाब विचारता येतो हे त्यांनी करून दाखवले. तेव्हा त्यांना देशद्रोही म्हणणारे होते, आज तेच त्यांच्या पुतळ्याला हार घालतात.

२००१ ला डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न नेला तेव्हा भारत सरकारने ‘जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत मामला’ म्हणून विरोध केला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभावात जातही येते असे स्पष्ट केले. डर्बनमधून भारत कमजोर झाला असे कोणी दाखवून द्यावे. हवामानाच्या व्यासपीठावर मात्र आपण अजून डर्बनच्याही मागे आहोत. तिथे नागरी समाजाचे नऊ अधिकृत गट आहेत: उद्योग, पर्यावरण संस्था, आदिवासी, कामगार संघटना, महिला, युवक, शेतकरी, संशोधक, स्थानिक स्वराज्य संस्था. आदिवासींसाठी स्वतंत्र मंच आहे, हरित हवामान निधीचे आदिवासींबाबत धोरण आहे, ते त्यांनी लढून मिळवले. २०२५ ला बेलेमच्या निर्णयांत आफ्रिकी वंशाच्या लोकांचा उल्लेख आला. जन्माने बहिष्कृत ठरवलेल्या कोट्यवधी माणसांसाठी तिथे एक ओळही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला, माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा अनुच्छेद १४ आणि २१ खालचा हक्क असल्याचे म्हटले. गरीब आणि दुर्बळ समूहांना जास्त झळ बसते म्हणून समतेचा प्रश्न येतो, हे न्यायालयाने मान्य केले आहे. समतेचा अनुच्छेद यात आला, म्हणजे हा आपला विषय असल्याचा कायदेशीर पुरावाच हातात आला.

बाबासाहेब लहानपणी साताऱ्यात शिकले. त्यांचे वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते, जिथे दुष्काळात मरणाऱ्या लोकांना काम म्हणून सरकार तलाव खोदत होते. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली आणि पुढच्या रस्त्यात त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दुष्काळ सगळ्यांवर होता. पाणी मात्र या मुलांना नव्हते. सरकारचे हवामान धोरण फक्त पहिले वाक्य वाचते.

मग करायचे काय? मोर्च्याआधी कागद. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांत ठराव मांडा: गावच्या गायरानावर, माळावर कोणता ऊर्जा प्रकल्प आहे किंवा येणार आहे, त्याचे कार्बन क्रेडिट कोणी घेतले, स्थानिकांची बैठक कधी झाली, तिच्या हजेरीपटावर कोणाच्या सह्या आहेत. ठराव घेतला नाही तर तेच प्रश्न माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी, महाऊर्जा आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला टाका. हजेरीपट मिळाला की आधी त्यात वस्तीतले एक तरी नाव आहे का ते बघा, मग त्या माणसाला जाऊन भेटा आणि तो खरेच गेला होता का ते विचारा. पुढच्या पुराआधी प्रत्येक नदीकाठच्या गावात आपल्या वस्तीची स्वतःची यादी करा: भूमिहीन किती, वाटेकरी किती, भाडेकरू किती, कामावर अवलंबून बाया किती. पंचनाम्याच्या नमुन्यात मजुरीच्या नुकसानीचा रकाना हवा, ही मागणी ती यादी जोडून महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनात द्या आणि पोच घ्या.

आणि दिल्लीकडे एक मागणी: परिषदेला जाण्याआधी देशाच्या भूमिकेचा मसुदा मराठीत काढा, पुणे विभागात त्यावर जाहीर सुनावणी घ्या, आणि शिष्टमंडळात अनुसूचित जाती आयोगाचा माणूस न्या. आम्ही या तीन मागण्यांचे निवेदन तयार केले आहे. सातारा आणि सांगलीतल्या ज्या गावांत वर सांगितलेली यादी झाली असेल, त्यांनी ती घेऊन यावे, निवेदनाला जोडायची आहे.